नोटांचा माग काढणारी माणसे

श्रोतेहो, आपल्या खिशातल्या नोटेचा क्रमांक आपल्यापैकी कितीजणांनी कधी वाचला आहे? मी गेली तीस वर्षे कामगारांची वर्गणी गोळा करीत आलो. नोटा मोजल्या असंख्य, वाचली एकही नाही. बँकेने एखादी नोट खोटी ठरवली, तरच आपली नजर त्या आकड्यांकडे जाते.

अमेरिकेत मात्र हे आकडे वाचण्याचा छंद जडलेली हजारो माणसे आहेत. १९९८ साली हँक एस्किन नावाच्या गृहस्थांनी संगणकाच्या जाळ्यावर एक नोंदवही उघडली. एका डॉलरच्या नोटेवर जॉर्ज वॉशिंग्टनची तसबीर असते, म्हणून वहीचे नाव ठेवले ‘जॉर्ज कुठे आहे?’ रीत अगदी साधी. हाती आलेल्या नोटेचा क्रमांक आणि आपल्या गावचा पिनकोड नोंदवायचा, नोटेवर त्या वहीचा पत्ता लिहायचा, आणि नोट खर्चून टाकायची. पुढे ती ज्याच्या हाती पडेल त्याला कुतूहल वाटले, तर तोही नोंद करतो. मग पहिल्याला कळते की आपली नोट इतक्या दिवसांत इतके मैल गेली. यातले पक्के छांदिष्ट बँकेतून एकेक डॉलरच्या कोऱ्या गड्ड्या आणतात आणि रात्री जेवणानंतर एकेक नोट नोंदवीत बसतात. त्यासाठी रबरी शिक्केही विकत मिळत. परंतु ही नोटेवरची जाहिरातबाजी होते, असा सरकारी खात्याचा आक्षेप आला आणि २००० साली ती विक्री थांबली.

युरोपातही २००२ च्या जानेवारीत युरोच्या नोटा चलनात आल्या, त्याच वेळी अशी वही सुरू झाली. तिथे नोटेवर लिहिण्याचा प्रघात फारसा नाही. त्यामुळे एकच नोट दोन नोंदकांच्या हाती पडणे हा निव्वळ योगायोग. पण पहिल्या मालिकेच्या नोटांवर क्रमांकाआधीचे अक्षर देश सांगे: एक्स म्हणजे जर्मनी, यू म्हणजे फ्रान्स, एस म्हणजे इटली. आपल्या गावच्या गल्ल्यात परदेशी अक्षरे किती मिसळली, हे मोजण्यातच तिथल्यांना गंमत वाटे.

रिकामटेकड्यांचे उद्योग, असे कोणी म्हणेल. मीही प्रथम तसेच म्हटले होते. आता पुढे काय झाले ते ऐका.

जर्मनीत गॉटिंगेन येथे डर्क ब्रॉकमन आणि त्यांचे सहकारी साथीचे रोग कसे पसरतात, याचा अभ्यास करीत होते. २००३ मधल्या सार्सच्या साथीवर त्यांनी विमानांच्या वाहतुकीवरून गणित मांडले. पण माणूस काही फक्त विमानानेच जात नाही. तो बसने जातो, मोटारीने जातो, बाजाराला पायी जातो. ह्या सगळ्याची नोंद कोण ठेवणार? ब्रॉकमन अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्यात एका जुन्या मित्राकडे गेले असता मित्राने त्यांना ह्या नोटांच्या वहीची गोष्ट सांगितली. हा मित्र सुतार होता, लाकडी कपाटे बनविणारा. शास्त्रज्ञाला वाट दाखविली ती एका कारागिराने, ही गोष्ट माझ्यासारख्याला सांगितल्यावाचून राहवत नाही.

त्या वहीतल्या ४,६४,६७० नोटांच्या दहा लाखांहून अधिक नोंदी घेऊन त्यांनी २००६ साली ‘नेचर’ ह्या नियतकालिकात निबंध छापला. निष्कर्ष असा. अंगणात दाणे टिपणारी चिमणी पाहा. ती टुणटुण जवळच उड्या मारते, बराच वेळ एका जागी रेंगाळते, आणि मध्येच भुर्रकन दुसऱ्या आळीत जाते. नोटांची चाल तशीच असते. पुष्कळशा नोटा पंधरवड्यानंतरही आपल्याच शहराच्या आसपास घुटमळताना सापडतात. थोड्या मात्र ८०० किलोमीटरच्याही पलीकडे पोचलेल्या असतात. दूर जाणाऱ्या ह्या थोड्यांमुळेच साथ एका शहरातून दुसऱ्या शहरात उडी घेते. २००९ साली स्वाइन फ्लू आला, आणि त्याने देशातला पहिला बळी आपल्या पुण्यात घेतला, त्या वर्षी अमेरिकेत साथ कशी पसरेल याचे अंदाज बांधताना ह्याच नोंदी उपयोगी पडल्या.

पुढे २०१० मध्ये त्याच नोंदींवरून अमेरिकेचा नवा नकाशा निघाला. नोटा जिथून सहसा पलीकडे जात नाहीत, तिथे रेघ मारली. काही रेघा राज्यांच्या सीमेवरून गेल्या, काही राज्याच्या पोटातून आरपार! सीमाभागातल्या मंडळींनी यावरून लगेच निवेदन तयार करू नये.

नोट म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. ती बँकेतही पडून राहते, दहा हातांतूनही फिरते. पण ह्या वहीची एक बाजू मला फार मोलाची वाटते. नोट कुठे गेली हे कळते, कोणाच्या खिशात होती हे कळत नाही. नोंद करणारा आपखुशीने करतो आणि निकाल त्यालाही दिसतो. २०१६ पासून आपल्याकडे यूपीआय आले. भाजीवालीलाही आपण मोबाईलवरून पैसे देतो. सोय आहे, मीही वापरतो. मात्र तिथे प्रत्येक देवघेवीची नोंद आपोआप होते, नावानिशी होते, आणि ती वही आपल्या हाती नसते. कामगार कुठे जातो, कोणाला वर्गणी देतो, हे कोणाकोणाला दिसावे, हा प्रश्न आमच्या सभासदांपुढे आजच उभा आहे. पुष्कळ जण अजून वर्गणी रोखीनेच देतात, त्याचे एक कारण हेही असावे.

नोटांवर लिहू नये, असे आपल्या रिझर्व्ह बँकेचे आवाहन आहे आणि ते पाळावे. क्रमांक टिपून ठेवायला मात्र आडकाठी नाही. गेल्या महिन्यात वर्गणीत आलेल्या दहाच्या एका नोटेचा क्रमांक मी माझ्या वहीत उतरून घेतला आणि ती कचेरीखालच्या चहावाल्याला दिली. त्यानंतर त्याच्याकडून येणारी प्रत्येक दहाची नोट मी वाचतो. ती अजून परत आलेली नाही.