चेहरा ओळखीचा, नाव आठवेना

दिवाळीनंतर गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. सोयरे-धायरे जमतात, रात्री नाटक किंवा दंडार (लोकनाट्य) होते. अशा गर्दीत कोणी हसून हात धरतो आणि आपल्याला नाव आठवत नाही. याला लोक माज समजतात किंवा विसराळूपणा. बहुधा दोन्ही नसते.

ओळख पटणे (प्रत्यभिज्ञा) आणि आठवून सांगणे (प्रत्यावाहन) ही वेगवेगळी कामे आहेत. गाण्याची चाल ऐकताच ओळखू येते, शब्द मात्र ओठांवर येत नाहीत, तसेच हे. आमगावच्या दुकानात रोज दिसणारा माणूस सालेकशाच्या मंडईत भेटला, की जागेचा आधार सुटतो आणि नाव आणखी अडते.

अशा वेळी अंदाजाने “बाबा बरे आहेत ना?” विचारणे सर्वांत धोक्याचे, ते वारलेले असू शकतात. “चेहरा ओळखला जी, नाव आठवत नाही,” हे लगेच सांगितलेले बरे. अर्ध्या तासाने तेच अवघड होते. खरे तर शिष्टाचार समोरच्याचाही आहे. “ओळखलं का?” अशी परीक्षा घेण्यापेक्षा आपले नाव, गाव आणि नाते त्यानेच आधी सांगावे.