कोयतीची कसोटी खैराच्या गाठीवर

रत्नागिरी जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कमरेला लाकडी आकडी आणि तिच्यात अडकवलेली कोयती हे दृश्य आजही गावोगावी दिसते. भाजावळीसाठी ऐन-किंजळीचे टहाळ तोडणे, कुंपणाची काटी छाटणे, नारळ सोलणे ही सारी कामे या एकाच पात्यावर होतात. म्हणूनच धारेइतकाच तिचा चिवटपणा महत्त्वाचा ठरतो. झाडावर चढलेल्या माणसाच्या हातातील पाते ऐन घावात मोडले वा मुठीतून निसटले, तर ते जिवावर बेतू शकते.

कठीणपणा आणि चिवटपणा हे पोलादाचे दोन वेगळे गुण होत. एक वाढवावा, तर बहुधा दुसरा घटतो. काच कठीण असते, पण चिवट नसते. मालमोटारीचे जुने पाटे हा अशा अवजारांसाठी लोहारांचा आवडता कच्चा माल आहे. त्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. सुमारे ८५० अंश सेल्सिअसला लाल झालेले पाते तेलात बुडवले, की ते कठीण होते. ‘पाणी देणे’ ते हेच. पण तेवढ्यावर सोडलेले पाते ठिसूळच राहते. त्यासाठी ते पुन्हा २०० ते ३०० अंशांपर्यंत तापवावे लागते. घासलेल्या पात्यावर तेव्हा प्रथम फिकट पिवळा, मग तांबूस, जांभळा आणि अखेरीस निळा रंग चढतो. कोणत्या रंगावर थांबायचे, यात लोहाराची खरी विद्या आहे. बाजारात पाते नुसते हाताळून ती कळत नाही.

ती कळते लाकडावर. चिपळूण परिसरात ज्याच्यापासून कात काढतात, तो खैर या कामी उत्तम. सुकलेल्या खैराचे वजन घनमीटरला १००० किलोच्या आसपास भरते. सागाचे सुमारे ६५०. मात्र पहिलाच घाव खैरावर घालू नये. आधी आंब्याची वाळकी फांदी, मग किंजळ आणि शेवटी खैराची गाठ, असा क्रम ठेवावा. लाकूड पडलेले असावे. परीक्षेसाठी उभे झाड तोडण्याचे कारण नाही. ते ओंडक्यावर नीट टेकवावे. खाली जांभा दगड असेल आणि पाते त्यावर आदळले, तर सगळीच परीक्षा फुकट जाते. घाव तिरपा घालावा, पाय त्याच्या रेषेबाहेर असावेत आणि समोर कोणी उभे नसावे.

वीस-पंचवीस घावांनंतर धार उजेडात धरून पाहावी. एखादा ठिपका चमकला, तर तेथे धार वळली आहे, म्हणजे पोलाद मऊ आहे. हा दोष सहाणेवर निभावता येतो. धारेला अर्धचंद्राकृती खाच पडली असेल, तर पाते ठिसूळ आहे. ते लोहाराकडे परत न्यावे. लाकडात रुतलेले पाते आडवे पिळून काढण्याची सवय मात्र वाईट. त्या जोराने चांगली कोयतीही मोडू शकते. जत्रेत खिळा तोडून दाखवणारे विक्रेते धारेचा कठीणपणा दाखवतात, चिवटपणाविषयी त्यातून फारसे काही कळत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती मूठ. पात्याचे शेपूट मुठीत किती खोल गेले आहे, हे बाहेरून दिसत नाही. घावांनंतर मूठ हलली, तोंडाशी बसवलेले लोखंडी कडे सैल झाले किंवा पाते मुठीला मिळते तेथे केसाएवढी चीर दिसली, तर धार कितीही उत्तम असो, ती कोयती घेऊन झाडावर चढू नये.