सी भरला, डी रिकामा

‘पार्टिशन’ हा शब्द मुंबईच्या मराठी घरांत संगणकाच्या कितीतरी आधी आला. वरळीत १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने उभारलेल्या १२१ बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. मुलाचे लग्न ठरले की खोलीत लाकडी पार्टिशन उभे राही. जागा तेवढीच, पण पलीकडच्या बाजूस कोपरा मोकळा असला तरी अलीकडच्यांना तिथे अंथरूण टाकता येत नसे.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. अशा नव्या घरात मुलांनी टेबलावर संगणक मांडून दिला आणि ज्येष्ठांनी ‘धिस पीसी’ उघडले, की बहुधा दोन पट्ट्या दिसतात : ‘सी’ आणि ‘डी’. वर्ष-दोन वर्षांत सी लाल होतो, म्हणजे त्यात दहा टक्क्यांहून कमी जागा उरलेली असते. डी मात्र जवळजवळ रिकामाच. एवढी जागा शिल्लक असताना संगणक ‘जागा नाही’ असे का म्हणतो, हा नवशिक्याचा पहिला रास्त प्रश्न.

उत्तर चाळीच्या खोलीतच आहे. पुष्कळदा सी आणि डी ही एकाच डिस्कवर आखलेली दोन क्षेत्रे असतात. कोणते क्षेत्र कुठे सुरू होते व कुठे संपते, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका छोट्या तक्त्यात असते. सातबाऱ्यावर जमिनीची असते तशीच. प्रत्येक क्षेत्राचा हिशेब स्वतंत्र. एकाच व्यक्तीची दोन खाती असली, तरी एकात शिल्लक आहे म्हणून दुसऱ्याचा धनादेश वटत नाही. (अक्षरे ‘सी’पासून का, तर ए आणि बी ही पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली होती.)

हिशेबी माणसाला आणखी एक गोष्ट खटकते. खोक्यावर १ टीबी लिहिलेले, पडद्यावर मात्र ९३१ जीबी! यात फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४च्या पटीत. मापे दोन, माल तोच.

सी भरतो तो मुख्यतः सवयीने. विंडोज आणि तिची अपडेट्स तिथे असतातच. शिवाय डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स हे फोल्डरही मुळात सी मध्येच असतात. पडद्यावर समोर दिसणारी फाईल ‘बाहेर’ ठेवली आहे असे वाटते, पण ती सी चीच जागा खात असते. पुसलेली फाईलही रिसायकल बिनमध्ये पडून राहते आणि बिन रिकामे होईपर्यंत जागा अडवते. म्हणून आधी बिन रिकामे करावे आणि सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’मध्ये जाऊन कशाने किती जागा व्यापली आहे ते पाहावे. मग लग्नाचे व्हिडिओ, फोटो असे जड सामान डी मध्ये हलवावे. बहुतेक घरांचे काम एवढ्याने भागते.

खरा धोका पुढे आहे. कोणी सांगतो, ‘डी ची जागा सी ला जोडून द्या.’ स्टार्टच्या बटणावर उजवी कळ दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले, तर ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय फिकट, निष्क्रिय दिसतो. त्याला लागते ती कोणत्याही क्षेत्रात न आखलेली जागा, आणि तीही सी ला लागूनच. डी आक्रसला तर मोकळी होणारी जागा डी च्या शेवटी निघते, सी च्या शेजारी नव्हे. तेव्हा अधीर माणूस ‘डिलीट व्हॉल्यूम’ दाबतो आणि डी मधील सर्व काही, नातवंडांच्या बारशाच्या फोटोंसह, एका क्षणात दिसेनासे होते. ते परत मिळेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. जाणकार शेजारी बसल्याशिवाय आणि सगळ्याची प्रत अन्यत्र काढल्याशिवाय या पडद्यावरील काहीही बदलू नये.

आता मुळात पार्टिशन हवेच का? नव्वदच्या दशकात प्रचलित असलेल्या फॅट-१६ पद्धतीत एका क्षेत्राची मर्यादा साधारण २ जीबी होती. मोठ्या डिस्कचे तुकडे करणे भागच होते. ती अडचण केव्हाच संपली, पण जुळणी करून देणाऱ्यांचा हात अजून तसाच चालतो. घरगुती वापरासाठी एकच क्षेत्र आणि त्यात नीट नावे दिलेले फोल्डर पुरेसे आहेत.

सी बिघडला तरी डी मधील प्रत सुरक्षित, ही समजूतही तपासून घ्यावी. विंडोज बिघडली तर ते खरे ठरू शकते. डिस्कच निकामी झाली तर दोन्ही एकदम जातात. डिस्क मॅनेजमेंटच्या खालच्या भागात डाव्या बाजूला ‘डिस्क ०’ असे लिहिलेले असते. सी आणि डी त्याच ओळीत असतील तर डिस्क एकच आहे. डी ‘डिस्क १’च्या ओळीत असेल तर ती वेगळी आहे. बाहेरून जोडलेली डिस्कही तिथे अशीच स्वतंत्र ओळीत दिसते; फोटोंची दुसरी प्रत तिच्यात ठेवावी आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवावी.