कोंबड्यांच्या पायांखालची जमीन



परसांत दहा-बारा कोंबड्या पाळणारीं कुटुंबें आपल्याकडे थोडीं नाहींत. अंड्यांचे चार पैसे बहुधा घरच्या गृहिणीच्या हातीं येतात व मुलांच्या वह्या-पुस्तकांस उपयोगी पडतात. अशा घरीं पावसाळ्याच्या एका आठवड्यांत सारीं पिलें दगावलीं, तर तो तोटा लहान म्हणतां येत नाहीं. ह्या तोट्याचें मूळ पुष्कळदां पक्ष्यांच्या पायांखालच्या जमिनींत असतें.

स्वच्छता म्हणजे रोज झाडणें व शेणानें सारवणें, अशी आपली समजूत आहे. घरच्या अंगणास ती योग्यच होय. परंतु तोच नियम खुराड्यास लावल्यास फसगत होते. वारंवार सारवलेली जमीन ओल धरते, आणि पक्ष्यांचा खरा शत्रु ओल हाच आहे. ह्याचें कारण पाहूं.

एक मोठी कोंबडी दिवसाकाठीं सुमारें १०० ग्रॅम विष्ठा टाकते व तिच्यांत तीन-चतुर्थांश पाणीच असतें. म्हणजे बारा कोंबड्या रोज जवळजवळ किलोभर ओल जमिनीवर आणतात असें म्हटलें तरी फारसें चुकणार नाहीं. ही विष्ठा ओलीच राहिली, तर सूक्ष्म जंतु तींतून अमोनिया वायु निर्माण करतात. नाकास झोंबणारा वास तो ह्याचाच; त्यानें पक्ष्यांच्या डोळ्यांस व श्वासमार्गास इजा होते. दुसरें संकट रक्ती हगवणीचें. ह्या रोगाचीं बीजें विष्ठेंतून पडतांच बाधक नसतात. ऊब, हवा व ओल मिळाली म्हणजे एक-दोन दिवसांत तीं बाधक होतात. नेहमींचीं जंतुनाशकें त्यांच्यापुढें फारशीं चालत नाहींत. कोरडेपणापुढें मात्र तीं हतबल होतात. कोंवळ्या पिलांना हा रोग विशेष घातक ठरतो.

तेव्हां जमीन झाकावी व कोरडी राखावी, हा उपाय. खुराड्याची जमीन बाहेरच्यापेक्षां वीतभर उंच असावी. तिजवर ३ ते ४ इंच जाडीची गादी पसरावी. कोंकणांत भाताचें तूस, देशावर भुईमुगाचीं टरफलें, अथवा सुताराकडील लाकडाचा भुसा, ह्यांपैकीं जें कोरडें व स्वस्त मिळेल तें घ्यावें. बुरसलेलें घेऊं नये. गादी दोन-तीन दिवसांनीं दाताळ्यानें खालवर करावी. मूठभर दाबून पाहिली असतां ती मोकळी होऊन गळाली तर ठीक. गोळा झाला तर ओल वाढली असें समजावें. पाण्याच्या भांड्याभोंवतालची ओली गादी त्याच दिवशीं काढून टाकावी व भांडें विटांवर ठेवावें. दाटी झाल्यास कोणतीहि गादी कोरडी राहत नाहीं; म्हणून प्रत्येक कोंबडीस निदान २ ते ३ चौरस फूट जागा असावी.

बाहेरच्या आवारांत हिरवळ असावी, अशी हौस अनेकांस असते. पण उकरणें हा कोंबडीचा स्वभावच. लहान जागेंतील हरळी ती थोड्याच आठवड्यांत संपवते. जागा असल्यास आवाराचे दोन भाग करावे व एकांत पक्षी असतांना दुसऱ्यांत गवत वाढूं द्यावें. तितकी जागा नसल्यास वाळलेला पालापाचोळा पसरावा. पक्षी त्यांत दिवसभर उकरून किडे टिपतात आणि चिखलहि होत नाहीं.

दुसऱ्याच्या खुराड्यांतील घाण पायताणांबरोबर आपल्याकडे येते, हेंहि विसरूं नये. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हां लाखों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. म्हणून खुराड्यांत जाण्यास निराळीं पायताणें ठेवावीं.

काढलेली गादी फेकूं नये. ती ताजी घातल्यास पीक करपतें. पण खड्ड्यांत कांहीं महिने कुजवल्यास भाजीपाल्यास उत्तम खत होतें.

हें सारें करण्यास पैशापेक्षां लक्षच अधिक लागतें. निदान पावसाळा लागण्यापूर्वीं तुसाचीं दोन पोतीं कोरड्या जागीं भरून ठेवावीं. भर पावसांत कोरडें तूस शोधूनहि मिळत नाहीं.