परिचालन प्रणालीची स्थापना व माहितीचे रक्षण

संगणकाची यंत्रसामग्री व तीवर चालणारे कार्यक्रम यांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत कार्यक्रमसंचाला परिचालन प्रणाली म्हणतात. नवी प्रणाली बसविताना बहुधा तबकडीचे विभाग पाडून ते फॉरमॅट करतात. त्यामुळे फायलींच्या जागा दर्शविणारी जुनी सूची नाहीशी होते. चुंबकीय तबकडीवर त्यानंतरही मूळ माहिती नवीन लेखन होईपर्यंत शिल्लक राहू शकते व पुष्कळदा परत मिळविता येते. एसएसडी या इलेक्ट्रॉनिक संचयकात मात्र ‘ट्रिम’ आज्ञेमुळे रिकामी ठरलेली जागा पुसली जात असल्याने ही शक्यता फारच कमी असते.

विभागांना हात न लावणारे अद्ययावतीकरणही सर्वस्वी निर्धोक नसते. मायक्रोसॉफ्टने २ ऑक्टोबर २०१८ रोजी वितरित केलेल्या विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीने, फोल्डरांचे स्थान बदललेल्या काही वापरकर्त्यांच्या मूळ फोल्डरांतील फायली नष्ट केल्या. वितरण थांबवून दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी देण्यात आली.

यास्तव माहितीची प्रत स्वतंत्र तबकडीवर घेणे, तीतील काही फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे आणि स्थापना पूर्ण होईपर्यंत ती तबकडी संगणकापासून विलग ठेवणे आवश्यक असते. त्याच तबकडीच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत पुरेशी सुरक्षित नसते.