वॉटसन हॉटेल
वॉटसन हॉटेल : मुंबईच्या फोर्ट विभागातील काळा घोडा परिसरातील एकोणिसाव्या शतकातील प्रसिद्ध हॉटेल व त्याची वास्तू. ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावानेही ती ओळखली जाते. ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभारलेली ही भारतातील सर्वांत जुनी वसतियोग्य इमारत मानली जाते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) मुंबईच्या कापूसव्यापाराला अभूतपूर्व तेजी आली. याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत (१८६२–६७) किल्ल्याचा तट पाडण्यात येऊन नगराच्या विस्तारास मोकळी जागा मिळाली. कापडव्यापारी जॉन हडसन वॉटसन याने या नव्या वस्तीत, एस्प्लनेड रस्त्यावर (सध्याचा महात्मा गांधी मार्ग) ही इमारत बांधविली. तिचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश (१८२४–८६) या इंग्रज अभियंत्याने तयार केला. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या छताच्या कामातही त्याचा सहभाग होता. लोखंडी खांब, तुळया इ. भाग इंग्लंडमधील डर्बी येथील कारखान्यात ओतून जहाजाने मुंबईस आणण्यात आले आणि १८६७–६९ या काळात त्यांची जुळणी झाली. इमारतीचा सर्व भार लोखंडी सांगाड्यावर असून विटांच्या भिंती केवळ मधल्या जागा भरण्यासाठी आहेत. दर्शनी बाजूस रस्त्याकडे झुकलेले सज्जे व आत काचेच्या छताचा भव्य चौक ही तिची प्रमुख वैशिष्ट्ये होत. ज्या रचनातत्त्वावर पुढे जगभर गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या, त्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय.

हॉटेल १८७१ मध्ये सुरू झाले. पाच मजल्यांच्या या हॉटेलात सु. १३० खोल्या होत्या व तळमजल्यावर उपाहारगृह आणि मद्यगृह होते. यूरोपीय प्रवाशांत ते विशेष लोकप्रिय होते. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन (१८३५–१९१०) १८९६ मध्ये येथे उतरला होता. खोलीच्या सज्ज्यावर जमणाऱ्या कावळ्यांचे विनोदी वर्णन त्याने आपल्या प्रवासग्रंथात केले आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्यूम्येअर बंधूंच्या चलत्‌चित्रांचा भारतातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला. प्रवेशमूल्य एक रुपया होते व सहा लघुपट दाखविण्यात आले. पुढे हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले. या नव्या माध्यमाने प्रभावित होऊन हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनी परदेशातून कॅमेरा मागविला आणि १८९९ मध्ये मुंबईतील कुस्तीचे चित्रण केले. जमशेटजी टाटा यांना येथे प्रवेश नाकारल्यामुळे त्यांनी ताजमहाल हॉटेल उभारले, अशी आख्यायिका प्रचलित असली, तरी तिला निर्विवाद पुरावा नाही. मात्र १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल सुरू झाल्यावर वॉटसन हॉटेलचे महत्त्व ओसरले, हे निश्चित.

हॉटेल बंद पडल्यावर इमारतीचे लहानलहान गाळे पाडून ते निवासासाठी व कचेऱ्यांसाठी भाड्याने देण्यात आले. उच्च न्यायालय व सत्र न्यायालय जवळ असल्याने त्यांत वकिलांच्या कचेऱ्या बऱ्याच होत्या. त्यांच्या अनुषंगाने टंकलेखक, मुद्रांकविक्रेते, छायाप्रती काढणारे व चहावाले यांचा व्यवसाय या रस्त्यावर चालत आला. आठव्या एडवर्डचा आजोबा सातवा एडवर्ड याचा युवराज असतानाचा अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये येथे बसविण्यात आला. त्यावरूनच परिसराला ‘काळा घोडा’ हे नाव पडले. १९६५ मध्ये पुतळा भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात हलविला, तरी नाव टिकून राहिले. २०१७ मध्ये येथे स्वाराविना घोड्याचे नवे शिल्प उभारण्यात आले. डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय व जहांगीर कलादालन (१९५२) यांमुळे वाचक, विद्यार्थी व चित्रकार यांचाही येथे सतत राबता असतो.

अनेक भाडेकरू, नियंत्रित व अल्प भाडे आणि देखभालीची हेळसांड या मुंबईच्या जुन्या इमारतींच्या नेहमीच्या कारणांनी ही वास्तूही जीर्ण झाली. सांगाड्यात मागाहून घातलेल्या भिंती व पोटमाळे यांचा भार वाढला; गंजाने लोखंड झिजले. १ जुलै २००५ रोजी सज्ज्यांचा काही भाग कोसळून एकाचा मृत्यू झाला व काही जण जखमी झाले. जागतिक स्मारक निधीने संकटग्रस्त वास्तूंच्या २००६ च्या सूचीत तिचा समावेश केला. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. दुरुस्ती शक्य नसून इमारत पाडावी, असे मत तज्ञांच्या एका अहवालाने मांडले, तर वास्तुसंवर्धकांनी त्यास विरोध केला. वारसा-वास्तूंत २-अ श्रेणी लाभलेल्या या इमारतीच्या निमित्ताने रहिवाशांची सुरक्षितता, त्यांचे निवासाचे हक्क व वारशाचे जतन यांचा मेळ कसा घालावा, हा मुंबईतील असंख्य जुन्या इमारतींना लागू पडणारा प्रश्न तीव्रतेने पुढे आला आहे.