सोनेरी पत्त्याचे मोल किती?

अमरावती : मधल्या सुटीत दप्तरातून निघणारा पत्त्यांचा गठ्ठा अमरावती-अकोल्यातील पालकांना आता नवा राहिलेला नाही. गालांत वीज साठविणारा पिकाचू, शेपटीवर ज्योत पेटती ठेवणारा चारिझार्ड अशा काल्पनिक प्राण्यांचे हे ‘पोकेमॉन’ पत्ते. चकाकी पाहून मुले हट्ट धरतात. पत्त्यावरील मजकूर मात्र क्वचितच वाचला जातो. खेळाचे मर्म त्या मजकुरातच आहे.

जपानमध्ये १९९६ साली हे पत्ते निघाले. १९९९ मध्ये त्यांची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत आली. भारतीय मुलांना या प्राण्यांची ओळख झाली ती प्रामुख्याने २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर सुरू झालेल्या मालिकेमुळे.

पत्ता कसा वाचावा?

वरच्या कोपऱ्यातील आकडा म्हणजे प्राण्याची प्राणशक्ती. एवढा मार बसला की तो बाद. चित्राखाली हल्ल्याचे नाव, त्याच्या डावीकडे लागणारी ऊर्जा आणि उजवीकडे प्रतिस्पर्ध्याची होणारी हानी छापलेली असते. तळाशी कमजोरी, प्रतिकार आणि माघारीसाठी मोजावी लागणारी ऊर्जा यांची नोंद असते.

१०२ पत्त्यांच्या पहिल्या इंग्रजी संचातील पिकाचूची शक्ती अवघी ४० आहे. मोठा हल्ला करताना नाणे उडवावे लागते आणि काटा पडल्यास त्यालाच १० चा फटका बसतो. चारिझार्डची शक्ती १२०, हल्ला १०० चा. परंतु त्यासाठी ४ ऊर्जा जमवाव्या लागतात आणि हल्ला करताना २ ऊर्जापत्ते गमवावे लागतात. जितके बळ अधिक, तितकी त्याची किंमतही मोठी, असा हा हिशेब आहे.

प्रत्येक खेळाडूचा संच ६० पत्त्यांचा असतो. मूलभूत ऊर्जापत्ते वगळता एकाच नावाचे ४ हून अधिक पत्ते त्यात चालत नाहीत. त्यामुळे बलाढ्य प्राण्याचे दहा पत्ते जमवूनही खेळात उपयोग चारांचाच.

गंजिफा आणि बंद पाकीट

अद्भुत रूपांचे पत्ते महाराष्ट्राला अपरिचित नाहीत. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह आदी दहा अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते असतात. फरक असा, की गंजिफेचा संपूर्ण संच एकदाच हाती येतो. पोकेमॉनचे पत्ते मुख्यतः बंद पाकिटांतून विकले जातात आणि आत काय निघेल हे आधी कळत नाही. हवा तो पत्ता निघेपर्यंत पाकिटे घेत राहण्याचा मोह त्यातूनच निर्माण होतो. पाकिटागणिक खर्चाची मर्यादा आधीच ठरविणे म्हणूनच हिताचे.

बनावट कसे ओळखावे?

खऱ्या पाकिटातील बहुतेक पत्ते साध्या कागदी पुठ्ठ्याचे असतात. आतील सारेच पत्ते सोनेरी प्लास्टिकचे निघाल्यास ते बनावट समजावेत. चुकीचे शब्दलेखन, फिकी किंवा जांभळट दिसणारी निळी पाठ याही संशयाच्या खुणा होत. खऱ्या पत्त्याच्या तळाशी संचातील क्रमांक असतो. शिवाय वर्तुळ, चौकट किंवा तारा अशा खुणेने तो सामान्य, कमी आढळणारा की दुर्मीळ, हेही कळते.

बनावट पत्त्यांनी घरी खेळण्यास अडचण नाही. नुकसान होते ते अदलाबदलीत, खरा देऊन खोटा घेतल्यावर. तेव्हा पत्ते हिरावून घेण्यापेक्षा मुलासोबत बसून ते एकदा वाचणे अधिक उपयोगी ठरेल.